चिंचोके

वाटीत चौदा चिंचोके.
तांब्याच्या तारेचे दहा फेरे झाले
की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत.
हा हिशोब कुठल्या मिस्त्रीनं शिकवला नाही,
माझ्याच डोक्यानं शोधला,
ज्या डोक्यात बहात्तरनंतर त्र्याहत्तर येता येता
बाहेर कोणाची तरी बुलेट थांबते
आणि मग फक्त बुलेट.

बोरीफाट्यावर, पंक्चरवाल्याला लागून,
टिनाखाली माझं मोटर वायंडिंगचं दुकान.
मे महिना. कूलरचे पंप पोत्यानं येतात.
शटरच्या आतल्या अंगाला खडूनं लिहिते मी
कोणाचं काय, कोणत्या वारी.
सकाळी शटर वर गेलं
की यादीही गुंडाळली जाते त्याच्यासोबत.
रात्री पाडते तेव्हा दिसतं
दिवसभरात काय करायचं होतं.

ओढणीला गाठ मारून पाहिली. चार गाठी झाल्या.
कोणती लाइटबिलाची, कोणती आईच्या गोळीची,
गाठीला कुठं तोंड असतं?
मोबाइलचा गजर वाजतो, बंद करते,
आणि बंद केला म्हणजे काम झालं
असं वाटून चहा मांडते.
चहाचं नका विचारू. पातेली तीन जळाली.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी
चार इंग्रजी अक्षरं लिहून दिली कागदावर.
म्हणाल्या, लहानपणापासून असेल.
होतं ना. तेव्हा नाव मराठी होतं:
धांदरट.
कागद एसटीत राहिला.
गोळ्या मात्र आणल्या, त्या डब्यात आहेत,
डबा कुठंतरी आहे.

मंगळवारी उकंडराव गुल्हाने आले.
तीन एचपीची मोटर, वायदा मागच्या शुक्रवारचा.
माझ्या पोटात खड्डा.
म्हटलं, लाइन नव्हती, बाबूजी, चार दिवस.
(लाइन होती.)
ते बाकावर बसले, टोपीनं वारा घेतला,
म्हणाले, "राहू दे मंग, बाई."

रागावले असते तर मीही भांडले असते,
भांडणात माझं लक्ष बरोबर लागतं.
पण ते "राहू दे"
शाळेतलं होतं, सासरचं होतं,
राहू दे, तुला नाही जमायचं,
एकेक फेरा एकावर एक बसलेला
आणि आतलं इन्सुलेशन केव्हाचंच जळालेलं.
पोऱ्यावर ओरडले, आदेशवर, उगाच.
पान्यांचा डबा लाथेनं उडवला.
मागं हौदापाशी जाऊन
चारही गाठी डोळ्यांना लावून रडले.

मग तोंड धुऊन मोटर ओढली,
आहे तशी परत द्यावी म्हणून झाकण खोललं.

आत नवं तांबं.
चोवीसच्या चोवीस खाचा भरलेल्या,
कॉइल पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या,
वार्निश वाळून काचेसारखं.
बॉडीवर माझ्याच अक्षरात, खडूनं:
झाली. रात्री अडीच.

कोणती रात्र?
हळूहळू आठवलं. बसले होते
दुसऱ्याच कोणाचा कूलर करायला,
ही आडवी आली, तारेला हात लागला
आणि तारेनंच मला धरून ठेवलं.
भूक नाही, घाम नाही, घड्याळ नाही,
फाट्यावरची कुत्रीसुद्धा झोपलेली.
चिंचोके लागले नव्हते त्या रात्री.

उकंडराव माझ्या खांद्यावरून डोकावले.
"झाली व्हती त लबाड काहून बोल्ली?"
काय सांगू?
खरं बोलायला आधी खरं आठवावं लागतं.
हसले नाहीत ते. पैसे दोनदा मोजून दिले,
मोटर आदेशनं लुनाला बांधली,
गेले.

टोपी बाकावरच.

लिहून ठेवावं म्हणून खडू घेतला:
गुल्हाने, टोपी.
शटर वर होतं.
मग टोपी माझ्याच डोक्यावर चढवली,
आता कशी विसरते पाहू,
आणि बसले अर्ध्या राहिलेल्या पंपाशी.

त्या वाटीत सात चिंचोके.
आठवा हातातच होता, घामानं ओला.
सत्तर झाले होते की ऐंशी?

सगळी तार उकलली.
एक.