चौथी बशी

कडवे वाल रात्रभर भिजले.
मालन खडपेने ते घरच्यासारखेच फडक्यात बांधले होते.
म्हटलं, इथं गाळणकागद लागतो.
ती म्हणाली, कागदावर कधी मोड येतात का?
आले.

चार बश्या. पहिलीत नुसतं पाणी.
दुसरीत दहा, तिसरीत शंभर,
चौथीत हजार : जस्ताची भुकटी,
इतकी बारीक की डोक्याचा एक केस चिरून
जाडीचे हजार भाग करावेत,
तरी तिचे दोन कण
त्यातल्या एका भागात शेजारी शेजारी झोपतील.
बाटलीत ती दुधासारखी दिसते.
वर लिहिलंय, हलवून वापरा.

पाचव्या दिवशी दुसऱ्या बशीतली मुळं
पहिलीपेक्षा दीड मिलिमीटर पुढे.
साहेब खूश. मीही.
मालन म्हणाली, पेजेत मीठ पडलं, एवढंच.
तिसरीत फरक नव्हता,
किंवा होता आणि माझी पट्टी हलली.
परत मोजलं. तरी कळलं नाही.

चौथीत मोड आला, मूळ निघालं,
आणि अंधारात भिंत लागावी तसं थबकलं.
टोक तपकिरी.
बाजूचे फाटे फुटलेच नाहीत.
भिंगाखाली सालीवर काहीबाही धरलेलं,
होडीच्या तळाला कालवं धरतात तसं.
वहीत लिहिलं : वाढ खुंटली.
दोन शब्द. त्यात त्या वालाचं काहीच आलं नाही.

संध्याकाळी बश्या विसळायच्या.
ते तिचं काम, दहा वर्षांचं.
आज ती मोरीपाशी नुसती उभी.
"ह्या पाण्याचं पुढं काय?"
म्हटलं, मोरीतून गटारात, गटारातून वहाळात.
पुढचं तिनेच सांगितलं :
वहाळ कांदळवनात, कांदळवनातून जयगडच्या खाडीत,
आणि ओहोटीला तिथंच, गुडघाभर चिखलात,
तिची जाऊ बोटांनी चाचपत तिसऱ्या काढते.
तिसरी तर दिवसभर तोंड उघडून पाणी गाळते.
काय आत घ्यायचं, तिला कोण सांगणार?

एवढंसं तर पाणी, म्हणणार होतो.
पण एवढंसं म्हणजे किती
हेच तर मी पाच दिवस मोजत होतो.

तिने कोपऱ्यातला रिकामा कॅन ओढला,
चारही बश्यांचं त्यात ओतलं,
चिकटपट्टी लावली, माझं पेन मागितलं.
थोडा विचार केला.
लिहिलं : वालाचं पाणी. पिऊ नये.

आता कपाटाखाली असे तीन कॅन आहेत.
कुठं ओतायचे, हे विचारणारं पत्र
साहेबांनी वर पाठवलंय.

चौथ्या बशीतले पाच वाल
मी टाकून दिले, अशी नोंद आहे.
ते मागच्या गडग्याशी, जांभ्याच्या खोबणीत, तिने पुरलेत.
दोन उगवले. पानं जरा पिवळी.
खायचे नाहीत, ती म्हणते,
पण बघायला तर हवेत.