राहिलेल्याचा घास

आखाजीला बाराच्या आत घागर भरून होते.
वर डांगर, खाली गहू,
आणि उंबऱ्याशी शेणकुटाच्या निखाऱ्यांची आगारी.

यमुनाकाकू खापरावर पुरणपोळी टाकते.
हातांवरच वाढवत नेते, पार कोपरापर्यंत.
कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणते,
"शिकाडं नही कोन्ही.
सासूजोडे उभी ऱ्हायनू, सात उन्हाळा."

ओट्यावर माझा भाचा, निखिलेश.
यावलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकतो.
"मामा, वांदरीही शिकवते.
केळीचा कुठला घड सोडायचा, पिलाला दाखवते.
मेलेलं पिल्लू चार-चार दिवस छातीशी धरते.
मग माणसाचं वेगळं काय?"

मी गप्प. ती वांदरी मीही पाहिली होती,
मागच्या माघात, पाटचारीच्या कडेला.
पाचव्या दिवशी पिल्लू तिथेच ठेवून
कळपामागे गेली.
वळून पाहिलं का, ते आठवत नाही.

आगारी टाकायला बसलो.
पहिला घास वडलांचा. तूप चरचरलं.
दुसरा आजोबांचा, नाव सुपडू:
आधीची तीन गेली
म्हणून ह्यांना सुपात घालून उकिरड्यावर निजवलं,
मरणाला वाटावं, हे तर टाकलेलंच आहे.
मरण फसलं. चांगलं ब्याऐंशी वर्षं फसलं.
तिसरा त्यांच्या बापाचा. नाव ठाऊक, चेहरा नाही.
चौथ्याचं नावही नाही.
तिथे वडील म्हणायचे तेच म्हणालो:
"जो कोन ऱ्हायना व्हई, त्याले."

कोण राहिला असेल?
आमची विहीर खणताना सुरुंगात गेलेला
सातपुड्यातला पावरा,
ज्याच्या गावाचं नाव कुणी विचारलं नव्हतं.
की ती तीन,
ज्यांच्यासाठी सूप कुणाला सुचलंच नाही.
काही असो. पुरण त्याच्याही वाट्याचं शिजलं होतं.
दरसाल शिजतं.

निखिलेश उठून आला.
चिमट्याने निखारे सारखे केले,
आपल्या ताटातल्या पोळीचा तुकडा तोडून
आगारीत टाकला.
"हा कोणाचा रे?"
"त्या पिलाचा."

मी हसणार होतो.
काकूने खापरावरची नजर हलवली नाही.
"मंग तूप घाल आखो थोडं," म्हणाली,
"धाकलं शे ते."