जादाचं लोखंड

फिल्म इतकी पातळ, की कडेने धरली तर दिसत नाही.
समोर धरली
तर खिडकीबाहेरचं शेफील्ड तपकिरी होतं,
चढावरच्या घरांसकट.

लोखंड, सेलेनियम, थोडं टेल्युरियम.
काम सांगायला सोपं: गार करत न्यायचं
आणि बघायचं, वीज कुरकुर कुठे थांबवते.
आमची थांबवत नव्हती.
बारा केल्विनला ग्राफ उतरू लागे
आणि तळाशी पोचता पोचता
चप्पल तुटल्यासारखा रेंगाळे.
शून्य नाही. शून्याच्या शेजारी.

दोष कुणाचा, ते माहीत होतं.
थरांच्या मधल्या फटीत
आमंत्रण नसताना येऊन बसलेले लोखंडाचे अणू,
पंगत उठली तरी पाटावरून न हलणारे.

कीथ स्टॅनिफर्थ सव्वीस वर्षं इथे हेलियम भरतो.
त्याचा बाप डॉन नदीकाठच्या भट्टीवर होता.
म्हणाला, "या गावात लोखंड जास्त झालंय
अशी तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय."

मग बीकर, प्लॅटिनमची तार, पातळ आम्ल.
पहिली फिल्म एका व्होल्टला
चाळीस सेकंदांत गेली. करायला तीन आठवडे लागले होते.
दुसरीच्या कडा खाल्ल्या गेल्या,
मधला ठिपका तसाच राहिला, हट्टी.
हेलियमचं बिल आलं. ते मी उलटं ठेवलं.

त्या रात्री अण्णांना फोन केला, दुसऱ्याच कशासाठी तरी.
सांगलीला ते झिंकचे ब्लॉक करायचे,
लग्नपत्रिकांचे गणपती, निवडणुकीतले चेहरे.
डांबर फासलेल्या ट्रेला झोका देत राहायचे
पाळण्याला देतात तसा,
आणि बुडबुड्यांकडे बघायचे. घड्याळाकडे नाही.
बोटांची टोकं कायमची पिवळी.
म्हणाले, "आम्ल त्याचं काम करतंच गं.
आपलं काम हात काढून घेण्याचं."

तिसरी फिल्म.
व्होल्टचा दहावा हिस्सा, मग थोडा वर,
आणि मी घड्याळ पालथं घातलं.
करंटची रेघ उतरत होती, उतरत होती,
मग कंटाळल्यासारखी आडवी झाली.
ओढून काढली. धुतली. श्वास नंतर घेतला.

पहाटे सव्वाचारला, चौदा केल्विनच्या जरा खाली,
ग्राफ सरळ खाली गेला आणि उठलाच नाही.
शून्य कधी शून्य असं दिसत नाही;
मीटर एकदा अधिक दाखवतो, एकदा उणे,
काय बोलावं न सुचलेल्या माणसासारखा.
कीथ बराच वेळ बघत होता.
मग म्हणाला, "केबल तपास."
तपासली. दोनदा.

बीकरमध्ये उरलं होतं
बोटभर पाणी, किंचित पिवळं.
नियमाप्रमाणे ते टाकाऊच्या बाटलीत ओतलं.
कीथने लेबल लावलं, तारीख घातली,
आणि 'काय आहे' या रकान्यात,
मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं:
लोखंड. अगदी थोडं.