एक्स-रे फिल्मवर तायव्वा

बावीस वर्षांनी काळं कापड डोक्यावर घेतलं
तर आत अजून बसलिंगप्पांचा वास.
विभूती, तपकीर, आणि हायपोचा तो आंबूस.

त्यांचा स्टुडिओ गेला, तिथं मोबाईलचं दुकान आलं,
तेही मीच चालवतो.
पासपोर्ट फोटो, आठ कॉपी पन्नास रुपये,
पांढरी पाठ, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
कॅमेरा माळ्यावर पडून होता,
सागवानी, पितळी कोपऱ्यांचा,
भात्याला तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.

या मापाची फिल्म आता मिळत नाही.
म्हणजे मिळते,
पण तेवढ्यात दुकानाचं भाडं निघतं.
मग शिरगुप्पे डॉक्टरांकडून एक्स-रेची आणली,
मुदत संपलेली, डबाभर,
लाल दिव्यात कटरनं कापली.
दोन्ही अंगांना मसाला,
नखाचा ओरखडासुद्धा सोसत नाही.

निपाणीत बिनखिडकीच्या खोल्यांना तोटा नाही.
वखारीतली एक मागून घेतली.
पोत्यांची धूळ पुसली, पुन्हा पुसली,
मेटॉल तोललं सोनाराच्या मोडीत निघालेल्या तराजूवर.
पहिल्या चार फिल्म कोऱ्या.
पाचवीवर माझाच अंगठा,
रेषा न् रेषा स्पष्ट.

तायव्वा वखारीच्या दारात विड्या वळत बसते.
तिला म्हटलं, मावशी, तुमचा काढतो.
तिनं कोऱ्यांतली एक उचलली,
उजेडाला धरली, निळसर,
"ही वळखते की मी.
छातीचा काढलाय हिच्यावर, दोन डाव.
आता तोंडाचा काढ."

घासलेल्या काचेवर ती उलटी उतरली.
मांडीवरचं सूप वर, आभाळ खाली,
आणि सुपातली तंबाखू सांडत नव्हती.
मागच्या रस्त्यावर पाट्या,
दोन्ही लिप्यांतल्या, दोन्ही पालथ्या,
मला एकही वाचता येईना.
भिंग सरकवत तिच्या डाव्या डोळ्यावर आणलं.

हलू नका म्हटलं. झाकण काढलं.
ओंदु, एरडु, मूरु.
झाकण लावलं.
बसलिंगप्पा असंच मोजायचे, मी तसंच शिकलो.
भांडतो मराठीत, हिशेब मराठीत,
कन्नड येते ती एवढीच, हत्तुपर्यंत.
त्याहून लांब उजेड द्यायचा झाला
तर पुन्हा ओंदुपासून.

लाल रंग या फिल्मला दिसत नाही,
म्हणून तर लाल दिव्याखाली ती उमटताना बघता येते.
आधी केस उमटले, पांढरे ते काळे होऊन,
मग कपाळ,
आणि कपाळाच्या मधोमध एक जागा
जी उमटलीच नाही.

कागदावर उतरवलं तेव्हा कळलं, कुंकू.
काळं कुळकुळीत,
टाकातून शाईचा थेंब पडावा तसं.
सुरकुत्या सगळ्या आल्या,
पापणीवरची तंबाखूची धूळसुद्धा आली,
फक्त हातांच्या जागी
थोडा धूर.

दोरीवरचं ओलं चित्र तिनं पाहिलं.
हलू नका म्हटलं होतं मी.
"मी कुठं हलले?
बोटं हलली असतील. ती माझ्या ऐकण्यातली न्हवंत."
आणि हसली, मग खोकली, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी खाकी पाकीट घेऊन आली,
गादीखाली जपलेलं,
म्हणाली, हा बी लाव शेजारी.
मी तो काचेच्या तावदानाला धरला.
फासळ्या, मधला पांढरा ढग,
खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वय, अंदाजे.

तिथं मात्र ती एकदम स्थिर.
सांगितलं तेवढा वेळ श्वास धरून.
बोटं
चौकटीबाहेर राहिली होती.