अर्धी काळी काच

मे महिन्यात संध्याकाळी साडेसहालाही
अंबाझरीच्या बांधावरचं आभाळ निवलेलं नसतं.
त्याच्याकडे बघून माप घ्यावं, तर पाण्याचं डांबर होतं.
पाण्याकडे बघून घ्यावं,
तर आभाळ नीळ न दिलेल्या धोतरासारखं कोरं.
डोळा दोघांचं भांडण मिटवतो,
कॅमेऱ्याला ते जमत नाही.

ठवकरकाकांकडे त्यावर एक काच आहे.
वर काळी, खाली निव्वळ काच,
मधे काळं हळूहळू विरत गेलेलं.
इतवारीतला स्टुडिओ विकला तेव्हा पडदे गेले, दिवे गेले,
पासपोर्टवाल्यांसाठी खिळ्याला टांगलेला कंगवासुद्धा गेला.
काच तेवढी पानाच्या डब्यात राहिली, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून.

तिची चौकट कधीच तुटली.
दोन बोटांत धरून काका ती भिंगापुढे वर-खाली सरकवतात,
क्षितिज सापडलं की श्वास रोखतात.
हात आता कापतो.
"कापू दे ना, काळ्या-पांढऱ्याचा सांधा मऊ येते,
फायदाच हाय."
एक क्लिक.
"झालं. चाल, पोहे खाऊ."

माझं लवकर होत नाही.
ट्रायपॉड रोवून मी तीन घेते,
एक आभाळाचं, एक पाण्याचं, एक असंच मधलं,
आणि रात्री त्रिमूर्तीनगरात, कुलरच्या घरघरीत,
थरावर थर ठेवून कडा पुसत बसते.

"काहून वं पोरी, तीन-तीनदा?
सूर्य काय तुह्यासाठी थांबून राहिला?"

"तुमच्या काचेची रेघ सरळ आहे, काका.
ती बाभूळ बघा. तुमच्या प्रत्येक फोटोत
तिचा शेंडा जळाल्यासारखा दिसतो."

एरवी हसले असते.
त्या दिवशी पिशवीतून एक पाकीट काढलं.
शहाऐंशी सालचा फोटो. हाच बांध.
पाणी सुरेख. आभाळ असं की ढगांचे पदर मोजावेत.
मधे शकूकाकू उभ्या,
लुगड्याचा काठ, हातातली पिशवी, पायातली चप्पल,
खांद्यापर्यंत सगळं लख्ख.
खांद्याच्या वर काळोख.
क्षितिजाच्या वर जे जे आलं
ते काचेनं आभाळच समजून घेतलं.

"आभाळ वाचवलं म्या," काका म्हणाले,
"अन् थे गेली काळ्यात."
मग बराच वेळ पाण्याकडे बघून,
"तिले बस म्हनाले पायजे होतं.
एवढंच.
बसली असती."

मी काकांना पायरीवर बसवलं.
"हलू नका," म्हटलं,
आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.
चाळीस वर्षं हे वाक्य त्यांचं होतं.
ते बसले, दोन्ही कान दिसतील असे,
हनुवटी जरा खाली, ओठ मिटलेले,
गिऱ्हाइकासारखे.
फक्त उजवा हात मांडीवर.
दोन वर्षं झाली, तो त्यांचं ऐकत नाही.

क्लिक. क्लिक. क्लिक.

आता रात्रीचे पावणेबारा.
पाणी पाण्यावर बसलंय, बाभळीचा शेंडा हिरवा आहे,
आभाळ तांब्याचं, चेहऱ्यावर चेहरा नेमका.
फक्त मांडीवर एका हाताच्या जागी तीन,
पातळ, एकमेकांतून आरपार दिसणारे,
अंगठा आणि पहिलं बोट जरा जवळ आणलेले,
मधे काच असावी तसे.

कॉम्प्युटर विचारतो : भूत काढायचं?
जे स्थिर राहिलं नाही
त्याला या धंद्यात भूतच म्हणतात.
खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

कुलरचा आवाज कोरडा झालाय, पाणी संपलं असणार.
बादली भरून आणते आधी.