पन्नास फिल्सएवढी जागा

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो.
हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा
थेट भरलेल्या टाकीवर,
आणि टाकीत परवापासून जेमतेम पाच लिटर.
मिशारी म्हणतो, झपाटलीय.
मी म्हणतो, अर्थिंग.

एकोणऐंशीची शेवरोले. इथे पिकअपला वानेत म्हणतात.
त्याच्या चुलत्याने तिच्यातून मेंढ्या नेल्या, तंबू नेले,
मग वीस वर्षं ती वफ्राच्या शेतावर
खजुरीखाली पडून.
आता शुवैखच्या गल्लीत, आमच्या शटरसमोर,
सोललेल्या पिस्त्याच्या रंगाची,
बोट लावलं तर ओलं होईल अशी.

रंग रहमत गुलचा. स्वातचा माणूस.
सात हात मारले, प्रत्येक हाताआधी पाणकागद.
बोल्टांची भोकंसुद्धा आतून रंगवली.
बघणाऱ्याला दिसत नाही, गाडीला कळतं, म्हणायचा.
तिथेच अडलं सगळं.

जाताना विजेला वायर असते, लाल, जाड.
परत यायला वायर नाही.
गाडीचं अंग हीच परतीची वाट,
लोखंड लोखंडाला टेकलेलं असेल तर.
मध्ये रंग आला
की ती शेजाऱ्याच्या दारातून घुसते,
इंडिकेटरच्या बल्बातून, पेट्रोलच्या काट्यातून.
परवा चोकच्या तारेतून गेली.
माझ्या बोटावर तिचा वळ आहे अजून.

चिपळूणला आत्माराम भुवडांच्या हाताखाली होतो
तेव्हा अर्थिंग म्हणजे खड्डा:
कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
वरून रोज एक बादली पाणी.
विसरलास तर घर मारेल रे, म्हणायचे.
इथे मीठच वैरी. समुद्रावरून येतं,
वॉशरखाली बसतं, तांबं हिरवं करतं.
आणि जमीन तर यात कुठेच नाही.
चार टायर रबराचे, खाली डांबर,
गाडी आपल्याच लोखंडाला जमीन समजते
आणि तेवढ्यावर चालते.
मी अर्थ म्हणतो, मिशारी अर्द म्हणतो,
बोट दोघांचं पत्र्याकडेच.

मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या उण्यापासून बॉडीपर्यंत
शून्याच्या जवळ हवं.
दोन पॉइंट एक.
खरवडावं लागणार.

रहमत गुल शटरपाशी, हातात निवलेला चहा.
किती?
पन्नास फिल्सच्या नाण्याएवढं. चार ठिकाणी.
तो बोलला नाही.
रात्रीचे अकरा, तरी बॉनेट दुपार धरून होतं.
मी खिशातलं नाणं पत्र्यावर ठेवलं,
पेन्सिलने भोवती गोल काढला.
तेव्हा त्याने माझ्या हातातला कागद ओढून घेतला.
तुझ्या घासण्याला कड नसते, म्हणाला.

चारही गोल त्यानेच घासले.
पिस्ता गेला, राखाडी प्रायमर गेला,
खाली पत्रा, उघडा.
बाहेर एक रेघ नाही.
मी दातेरी वॉशर घातले,
इंजिनपासून चासीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी,
बोल्ट आवळले, वरून व्हॅसलीन.
शून्य पॉइंट शून्य तीन.
मिशारीने ब्रेक दाबला.
मागे दोनच दिवे लागले, लागायचे ते.
काटा खाली उतरला
आणि टाकी रिकामी असल्याचं एकदाचं कबूल केलं.

मिशारी पेट्रोल भरायला गेला. नवा हॉर्न
कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.
रहमत गुल नाणं उचलून मला देत म्हणाला,
तिथे गंज धरेल.
दर सहा महिन्यांनी बोल्ट काढून बघायचे, मी म्हणालो.
कोण?
त्याचा व्हिसा डिसेंबरपर्यंत.
माझा मार्च.