गावणे

फळ्यावर लिहिलं : कॅच.
आठवी ब. निवतीची शाळा, सहावा तास.
खिडकीत समुद्र, हजेरीपटावर नाव नसून कायम हजर.

चेंडू कॅच करतात, म्हटलं. माना डोलल्या.
एसटी कॅच करतात. सर्दी कॅच करतात.
"सर्दी?" मागच्या बाकावरून निहार जुवाटकर,
"तिच्या पाठसून कोण धावता, सर?"
वर्ग हसला. मीही हसलो, पण अडकलो.
आपल्यात सर्दी होते, ताप येतो,
ठेच लागते, झोप लागते, गाडी मिळते.
माणूस आपला कडेला उभा, 'ला' लावून :
मला, तुला, आईला,
येईल ते येऊ दे म्हणत.
इंग्रजीतला माणूस वाक्याच्या तोंडाशीच,
बाह्या सरसावून.

पुढचं उदाहरण : माझे बाबा मासे कॅच करतात.
पूर्वा खवणेकर उठली, बोट वहीत तसंच.
"मासो गावता, सर. पकडतत ते पोलीस."

हे क्रियापद मला पहिल्याच दिवशी भेटलेलं.
बदलीचा कागद, पत्र्याची ट्रंक, आटपाडीपासूनची धूळ अंगावर,
आणि तिठ्यावर जो तो विचारी, "खोली गावली?"
मला वाटलं, खोली गावातली का, असं विचारतायत.
संध्याकाळी नव्या खोलीची किल्ली हरवली,
उशाखाली दिसली तेव्हा नकळत ओरडलो, "घावली!"
शेजारून सेलेस्तीनबाय म्हणाली, "घावणे? आता?"
आणि खरंच बिडाचा तवा चढवला.
चार खाल्ली, नारळाच्या रसात बुडवून.
खुलासा केला नाही.

घावलं हा आईचा शब्द.
घावली का रं शेरडी?
डीएडला एका सरांनी तो तांदळातल्या खड्यासारखा
माझ्या तोंडातून वेचून काढला. सापडली म्हणायचं.
तेव्हापासून माझं सगळं सापडतच आलं,
घावलं काही नाही.
आता वाटतं, तो घ माझ्याआधीच कधीतरी
फोंड्याच्या वळणांवरून चालत उतरला असेल,
वळणागणिक श्वास सांडत,
दर्या दिसेपर्यंत नुसता ग.

रविवारी रापण होती. मतलई पडलेली.
सर, धरा दोरी, म्हणाले, धरली.
वाळूत टाचा रोवून मागे, मागे,
पुढ्यात पूर्वाची आई, तिची टाच माझ्या बोटांवर,
तासभर ओढलं, तळहात सोलले,
आणि जाळ्याच्या खोळीत आले
झार, दोन फुगलेली केंडं, एक निळी चप्पल.
अनंत खवणेकर कमरेवर हात ठेवून बघत राहिले.
"आज काय गावाक नाय."

कोणाचंच नाव नाही त्या वाक्यात.
ना त्यांचं, ना जाळ्याचं, ना समुद्राचं.
मनात इंग्रजी करून पाहिलं :
त्यांनी कॅच केलं, नथिंग.
म्हणजे पकडलंच, तेही चाळीस जणांनी मिळून,
काहीच नाही नावाचं काहीतरी.
शिवाय कर्ते म्हणून सगळे नावानिशी उभे,
एकेक पुढे येऊन कबुली दिल्यासारखे.
मी हे सांगितलं नाही. सांगून कोणाला?
पूर्वाची आई रिकामी टोपली उलटी करून म्हणाली,
"सरांचो वाटो खंय?"
आणि सगळा किनारा हसला. मला वाटा मिळाला,
दोरी धरली होती ना.

घटक चाचणीत प्रश्न तिसरा, भाषांतर :
आम्हाला खूप बांगडे मिळाले.
बत्तीस वह्यांत कॅच. काहींत त्याचा भूतकाळ चुकलेला.
पूर्वाच्या वहीत चारच शब्द, ठसठशीत :
मेनी बांगडा केम अस.
'अस'च्या आधी 'टू' हवा होता.
बांगड्याला इंग्रजी हवं होतं.
उत्तरसूचीत तर तसं काहीच नाही.

लाल पेन उघडून बराच वेळ बसलो.
खाली पुळणीवर कोणीतरी दोरी गुंडाळत होतं.
मग म्हटलं, राहू दे आज, पेन बंद करू,
तर टोपण घावेना.